खेळातून शाळेकडे : कोलकात्याच्या अनुभवाचा अर्थ

बंगालमध्ये वसंत पंचमीला, म्हणजे सरस्वती पूजेच्या दिवशी, लहान मुलाच्या हाती प्रथम खडू किंवा लेखणी दिली जाते. या विधीला ‘हातेखडी’ म्हणतात. महाराष्ट्रातील विजयादशमीच्या पाटीपूजनाशी त्याचे नाते सहज लक्षात येते. अक्षराशी होणारी पहिली भेट हा मुलाच्या आयुष्यातील महत्त्वाचा टप्पा आहे, याची जाण दोन्ही समाजांना पूर्वीपासून आहे. मात्र विधी एका दिवसात आटोपतो, तर घराच्या अंगणातून शाळेच्या वर्गापर्यंतचा प्रवास दोन-तीन वर्षे चालतो. हा प्रवास कसा घडतो, यावर मूल शाळेत रमणार की केवळ पटावर राहणार, हे पुष्कळ अंशी ठरते.

देशात प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण आता जवळजवळ सार्वत्रिक झाले आहे. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी मूल शाळेत येत नाही ही चिंता होती. आज शाळेत आलेले मूल पहिल्याच वर्षी मागे का पडते, ही चिंता आहे. याचे उत्तर म्हणून खेळाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला जातो. तो योग्यच आहे. परंतु खेळ आणि शाळेतील औपचारिक विषय यांच्यात दुवा जोडला गेला नाही, तर खेळातून मिळालेले ज्ञान शाळेच्या दारापाशीच थांबते. कोलकाता शहराशी संबंधित अनुभव व अभ्यास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत.

शाळापूर्व तयारी : संकल्पना

‘शाळापूर्व तयारी’ म्हणजे मुलाला अक्षरे आणि शंभरपर्यंतचे अंक पाठ असणे, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. युनिसेफने २०१२ मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार या संकल्पनेला तीन बाजू आहेत : तयार मूल, तयार शाळा आणि तयार कुटुंब. मुलाकडे भाषा, लक्ष देण्याची क्षमता, भावनांवर थोडा ताबा आणि इतरांसोबत वागण्याची सवय असावी. शाळेने मुलाच्या वयाला साजेसे वातावरण द्यावे. आणि कुटुंबाने या बदलात मुलाला आधार द्यावा, असा तिचा आशय आहे. तिन्हींपैकी एक बाजू दुबळी राहिली तरी संक्रमण अवघड होते.

वयाचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. ‘असर’च्या २०१९ च्या ‘प्रारंभिक वर्षे’ या अहवालासाठी २४ राज्यांतील २६ ग्रामीण जिल्ह्यांत ४ ते ८ वर्षे वयाच्या सुमारे ३७,००० मुलांची पाहणी करण्यात आली. तिच्यानुसार पहिलीत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४२ टक्के मुलेच सहा वर्षांची होती. सुमारे २२ टक्के मुले चार किंवा पाच वर्षांची आणि सुमारे ३६ टक्के मुले सात किंवा आठ वर्षांची होती. एकाच वर्गात चार आणि आठ वर्षांची मुले एकच पाठ्यपुस्तक घेऊन बसली, तर त्यांतील सर्वांत लहान मुले प्रथम मागे पडतात. कारण या वयात वर्षा-दीड वर्षाचा फरकही आकलनात मोठे अंतर निर्माण करतो.

घटनात्मक व धोरणात्मक चौकट

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी शिक्षण हा कलम २१-क अन्वये मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीने कलम ४५ मध्ये बदल होऊन सहा वर्षांखालील बालकांची काळजी व शिक्षण हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. म्हणजे सहा वर्षांनंतर हक्क आणि त्याआधी मार्गदर्शक तत्त्व, अशी विभागणी झाली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील बालकांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची आवश्यक व्यवस्था शासन करू शकेल, एवढाच उल्लेख आहे.

प्रत्यक्षात या वयोगटाची जबाबदारी प्रामुख्याने एकात्मिक बालविकास सेवा योजनेकडे राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या या योजनेच्या सहा सेवांमध्ये पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण यांसोबत अनौपचारिक शाळापूर्व शिक्षणाचाही समावेश आहे. देशातील सुमारे १४ लाख अंगणवाड्यांतून या सेवा दिल्या जातात.

२०१३ मध्ये राष्ट्रीय प्रारंभिक बाल्यावस्था काळजी व शिक्षण धोरण स्वीकारले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकसंध ‘पायाभूत स्तर’ मानला आणि पहिलीच्या आरंभी तीन महिन्यांचा खेळाधारित तयारी कार्यक्रम सुचवला. त्यानुसार एनसीईआरटीने तयार केलेला १२ आठवड्यांचा ‘विद्या प्रवेश’ कार्यक्रम २९ जुलै २०२१ रोजी सुरू झाला. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये, तर ‘जादुई पिटारा’ हा खेळ व शैक्षणिक साहित्याचा संच फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणासाठी ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रमही २०२३ मध्ये सुरू करण्यात आला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने या चौकटीची अंमलबजावणी राज्याराज्यांत वेगवेगळी आहे. पश्चिम बंगालने २०२३ मध्ये स्वतःचे राज्य शिक्षण धोरण जाहीर करून पूर्वप्राथमिकचे एक वर्ष व प्राथमिकची चार वर्षे ही आपली रचना कायम ठेवली.

कोलकाता : परंपरा आणि वास्तव

अक्षरओळख मुलांना आवडेल अशी कशी करावी, हा विचार कोलकात्यात नवा नाही. ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे ‘वर्णपरिचय’ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने बंगाली वर्णमालेच्या अध्यापनाला सुसूत्र क्रम दिला. १८९७ मध्ये योगींद्रनाथ सरकार यांच्या ‘हासिखुशी’ने हीच अक्षरे यमके आणि चित्रे यांच्या सोबतीने मुलांपुढे ठेवली. १९३० मध्ये रवींद्रनाथ टागोरांचा ‘सहज पाठ’ नंदलाल बोस यांच्या चित्रांसह आला. अक्षर हे नाद, चित्र आणि अनुभव यांतून उमलावे, ही दृष्टी या पुस्तकांनी क्रमाक्रमाने रुजवली. महाराष्ट्र व गुजरातमध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेला नूतन बालशिक्षण संघ आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी केलेले कार्य ही याच विचाराची पश्चिम भारतातील धारा होय.

परंपरा समृद्ध असली तरी महानगराचे वास्तव कठीण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोलकाता महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती आणि तिच्यातील सुमारे ३१ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २४,००० हून अधिक होती. अशा वस्तीत अंगणवाडीसाठी जागा मिळवणे हेच मोठे काम असते. लहानशा खोलीत स्वयंपाक, धान्यसाठा आणि मुले यांची एकत्र सोय करावी लागते, तेव्हा धावण्याचे, उड्या मारण्याचे आणि ठोकळे मांडण्याचे खेळ सर्वांत आधी वगळले जातात. शहरात बंगालीसोबत हिंदी व उर्दू भाषकांची संख्याही मोठी आहे. अनेक मुलांची घरची बोली शाळेच्या माध्यमभाषेहून वेगळी असते. अशा मुलाला पहिल्या दिवसापासून अपरिचित भाषेत, अपरिचित चिन्हे, अपरिचित शिस्तीत शिकावी लागतात.

या पार्श्वभूमीवर राज्यात दोन महत्त्वाचे बदल झाले. २०१३ पासून शासकीय प्राथमिक शाळांमध्ये पाच वर्षे पूर्ण केलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा पूर्वप्राथमिक वर्ग सुरू झाला आणि पहिलीचे प्रवेशवय सहा वर्षांवर आले. त्याच दशकात अंगणवाड्यांना बालस्नेही शिक्षणकेंद्रांचे रूप देण्यासाठी ‘शिशु आलय’ हा उपक्रम युनिसेफच्या सहकार्याने राबवण्यात आला. यामुळे अंगणवाडी आणि पहिली यांच्यामध्ये एक पायरी निर्माण झाली. ती पायरी म्हणजे पहिलीचाच अभ्यास एक वर्ष अगोदर, असे होऊ न देणे हे यापुढचे आव्हान आहे.

बाजारातील गणित आणि वर्गातील गणित

खेळ किंवा व्यवहार यांतून मिळालेले ज्ञान शाळेत आपोआप उपयोगी पडते का? या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांचा आणि शाळेत शिकणाऱ्या, परंतु विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचा अभ्यास केला.

संशोधकांनी बाजारातील मुलांकडून नेहमीच्या नसलेल्या मापात माल खरेदी केला. समजा, २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे घेऊन २०० रुपयांची नोट दिली, तर १६ आणि २१ मिळून ३७ रुपये होतात व १६३ रुपये परत द्यावे लागतात. अशा स्वरूपाचे हिशेब बहुसंख्य मुलांनी कागद-पेन्सिलीशिवाय अचूक केले. परंतु शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी वजाबाकी किंवा भागाकार करताना त्यांतील पुष्कळ मुले अडखळली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे सुमारे ३२ टक्के मुलांनाच जमले. शाळेतील मुलांचे चित्र नेमके उलटे होते. लेखी उदाहरणे त्यांनी अधिक अचूक सोडवली. मात्र बाजारातील ज्या हिशेबाचे उत्तर एकतृतीयांशाहून अधिक विक्रेत्या मुलांनी बरोबर दिले, ते शाळेतील केवळ १ टक्का मुलांना देता आले.

ही मुले पूर्वप्राथमिक वयाची नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि निष्कर्षाचा रोख शाळेच्या आरंभाकडेच जातो. बाजारातील मुलांत बुद्धी कमी नव्हती आणि शाळेतील मुलांत मेहनत कमी नव्हती. दोन्ही प्रकारच्या ज्ञानांमध्ये येजा करण्याची वाट कुणी दाखवली नव्हती.

पाच वर्षांच्या मुलांबाबतचा पुरावा दिल्लीत मिळतो. तेथील २१४ बालवाड्यांतील १,५४० मुलांवर केलेला आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग परीक्षार्थींनी आवर्जून अभ्यासावा. संख्या व आकार यांची अंतःप्रेरित समज वाढवणारे खेळ मुलांना चार महिने देण्यात आले. ही समज लक्षणीय वाढली आणि टिकूनही राहिली. चिन्हांकित गणितातही तात्काळ सुधारणा दिसली. परंतु पुढे प्राथमिक शाळेतील गणिताची भाषा व संकल्पना शिकताना या मुलांना इतरांहून अधिक लाभ झाल्याचे आढळले नाही. खेळ निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. खेळातली समज आणि शाळेतले चिन्ह यांची सांगड सहेतुकपणे घालावी लागते, हा त्याचा अर्थ आहे.

दुवा कसा जोडावा

बंगालमधील ‘रान्नाबाटी’ म्हणजे महाराष्ट्रातील भातुकली. ‘एक्का-दोक्का’ म्हणजे जमिनीवर घरे आखून एका पायावर उड्या मारत खेळण्याचा खेळ. दोन्ही मुलांना घरीच येतात आणि त्यांना खर्च लागत नाही. भातुकलीत चार बाहुल्यांना चार वाट्या मांडताना मूल एकास-एक संगती शिकते. तेथवरचे काम खेळ करतो. त्यानंतर शिक्षिकेने “किती वाट्या?” असे विचारून संख्यानाम वदवून घेणे, चार ठिपके काढायला लावणे आणि अखेरीस ‘४’ हे चिन्ह दाखवणे ही पुढची पायरी होय. वस्तू, शब्द, चित्र आणि चिन्ह असा हा क्रम आहे. शाळा जेव्हा पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चिन्हावर येते, तेव्हा मूल पाठांतराचा आधार घेते. उलट, बालवाडी जेव्हा वस्तूपाशीच थांबते, तेव्हा चौथी पायरी पहिलीतील शिक्षकावर येते आणि त्याच्याकडे तिच्यासाठी वेळ नसतो.

भाषेबाबतही हेच तत्त्व लागू पडते. यमकगीतावर टाळ्या वाजवताना मूल शब्दाचे ध्वनी वेगळे करू लागते. हीच ध्वनिजाणीव पुढे वाचनाचा पाया बनते. मात्र गाण्यातील आरंभीचा ध्वनी आणि त्याचे अक्षर यांची गाठ योग्य वेळी घालून द्यावी लागते. घरची बोली वेगळी असल्यास प्रथम त्या बोलीतील गाणी व गोष्टी वर्गात आल्या, तर मुलाला बोलण्याचे धैर्य येते आणि माध्यमभाषा त्यावर उभी राहते.

या साऱ्यासाठी शिक्षिकेकडे प्रशिक्षण, पुरेसा वेळ आणि मर्यादित पट हवा. अंगणवाडी, पूर्वप्राथमिक वर्ग व पहिली यांच्या शिक्षिकांनी परस्परांचे वर्ग पाहणे आणि मुलाची माहिती पुढील वर्गाकडे सोपवणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. दोन विभागांच्या स्वतंत्र कारभारामुळे तेच बहुधा राहून जातात.

अर्थशास्त्रीय बाजू

प्रारंभिक बाल्यावस्थेतील गुंतवणुकीचा परतावा अधिक असतो, हे प्रतिपादन प्रामुख्याने नोबेल पुरस्कार विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांच्या नावाशी जोडलेले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी पूर्वप्राथमिक कार्यक्रमातील १२३ मुलांचा पुढे अनेक दशके मागोवा घेण्यात आला. त्यावरून हेकमन व सहकाऱ्यांनी या गुंतवणुकीचा वार्षिक सामाजिक परतावा ७ ते १० टक्के असल्याचा अंदाज मांडला. नमुना लहान आणि कार्यक्रम खर्चिक असल्याने हा आकडा भारताला जसाच्या तसा लागू करता येणार नाही.

भारतातील अधिक उपयुक्त पुरावा तामिळनाडूचा आहे. तेथे ३२० अंगणवाड्यांच्या अभ्यासात निम्म्या केंद्रांना केवळ शाळापूर्व शिक्षणासाठी एक अर्धवेळ सेविका अधिक देण्यात आली. तेथील शिक्षणाचा वेळ दुपटीने वाढला, मुलांची भाषा व गणितातील प्रगती सुधारली आणि मूळ सेविकेला पोषणाच्या कामास उसंत मिळाल्याने कुपोषणही घटले. म्हणजेच अडसर मनुष्यबळाचा होता.

दुसरा मुद्दा मागणीचा आहे. पालकांना बालवाडीची गुणवत्ता थेट दिसत नाही. भरलेली वही मात्र दिसते. माहितीच्या या विषमतेमुळे लेखन व पाठांतर लवकर सुरू करणारी संस्था चांगली ठरते आणि खेळाला वाव देणारी संस्था वेळ वाया घालवते, असे वाटते. शाळा कमी पडली की उणीव शिकवणीने भरून काढली जाते. अमर्त्य सेन यांनी स्थापन केलेल्या प्रतीची ट्रस्टच्या २००२ च्या अहवालात पश्चिम बंगालमधील पाहणी केलेल्या प्राथमिक शाळांतील ५७ टक्के मुले खासगी शिकवणीवर अवलंबून असल्याचे आढळले. २००९ च्या दुसऱ्या अहवालात हे प्रमाण ६४ टक्के झाले. ‘असर’च्या २०२२ च्या ग्रामीण पाहणीतही राज्यातील पहिली ते आठवीची सुमारे ७४ टक्के मुले शुल्क देऊन शिकवणी घेत होती, देशाचे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. ज्या कुटुंबाला शिकवणी परवडत नाही, त्याच्या मुलासाठी पहिलीतील मागे पडणे कायमचे होते. समतेच्या दृष्टीने शाळाप्रवेशाचा टप्पा निर्णायक ठरतो, तो या कारणाने.

पुढील दिशा

उपरोक्त विवेचनावरून काही धोरणात्मक सूत्रे स्पष्ट होतात. पहिले, पूर्वप्राथमिक वर्गाचे मूल्यमापन साहित्यसंचांच्या वाटपावरून न करता खेळासाठी प्रत्यक्ष दिलेला वेळ आणि मुलांशी झालेला संवाद यांवरून व्हावे. दुसरे, दाट वस्तीच्या शहरांत अंगणवाडीला प्राथमिक शाळेच्या आवारात जागा देण्यास प्राधान्य असावे. त्यामुळे जागेचा आणि समन्वयाचा असे दोन्ही प्रश्न एकत्र सुटू शकतात. तिसरे, शाळापूर्व शिक्षणासाठी स्वतंत्र मनुष्यबळ उपलब्ध करून द्यावे. चौथे, पालकांना सहभागी करून घ्यावे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात भरवलेले मेळावे आणि मातांचे गट यांनी हे शक्य असल्याचे दाखवले आहे. मूल वाट्या मांडताना काय शिकते, हे आईला कळले, तर वहीचा आग्रह सौम्य होतो.

पाचवे सूत्र पहिलीच्या वर्गाविषयी आहे. मुलाला शाळेसाठी तयार करण्यावर बहुतेक कार्यक्रमांचा भर असतो. शाळेने मुलासाठी तयार होण्याकडे तुलनेने दुर्लक्ष होते. तीन महिन्यांचा खेळाधारित कार्यक्रम संपताच चौथ्या महिन्यापासून पूर्वीचेच अध्यापन सुरू झाले, तर दिल्लीच्या प्रयोगात आढळले त्याप्रमाणे खेळाचा लाभ वर्गापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून पायाभूत स्तराच्या पाचही वर्षांत वस्तूकडून चिन्हाकडे जाणारा क्रम सलग राहिला पाहिजे. कोलकात्याच्या बाजारात अचूक हिशेब करणारे मूल वर्गातील भागाकारापाशी अडते, तेव्हा त्याला येत असलेल्या गणितापासून आरंभ करण्याची जबाबदारी शाळेची असते. ती जबाबदारी पहिल्या वर्षीच पार पडली, तर पुढील वर्षांत उपचारात्मक अध्यापनावर होणारा खर्च आणि मुलाचा होणारा तोटा हे दोन्ही टळू शकतील.